ऊसतोडीचा हंगाम आणि उन्हाळी वाचन : घनसावंगी परिसरातील एका ग्रंथपालाचे अनुभव

महाराष्ट्रातील गावोगावची ग्रंथालये ज्या कायद्याच्या आधारे चालतात तो महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा असून, त्याखालील नियमांनुसार शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशा चार वर्गांत प्रतवारी केली जाते आणि वर्गाप्रमाणे त्यांना वार्षिक अनुदान मिळते. सर्वांत खालच्या ड वर्गातील ग्रंथालयाला २०१२ नंतर वर्षाला ३०,००० रुपये मिळत असत आणि २०२२ मध्ये झालेल्या साठ टक्के वाढीनंतर ही रक्कम ४८,००० रुपयांवर गेली. एवढ्यात ग्रंथपालाचे मानधन, पुस्तकखरेदी, वर्तमानपत्रांची बिले, वीज आणि किरकोळ दुरुस्ती हे सारे बसवायचे असते. मुलांच्या उन्हाळी वाचनवर्गासाठी या हिशेबात वेगळा रकाना नाही. त्यामुळे लहान गावात असा वर्ग चालतो तो ग्रंथपालाच्या हौसेवर, आणि हौसेच्या कामाला जी अनियमितता चिकटते ती त्यालाही चिकटलेली असते. घनसावंगी परिसरात असे अनेक उन्हाळे घालवलेल्या ग्रंथपालाच्या पदरी जे पडले ते ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकात जसेच्या तसे सापडत नाही, म्हणून ते नोंदवण्याचे कारण आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि पूर्वी अंबड तालुक्यात मोडणारा घनसावंगीचा भाग पुढे स्वतंत्र तालुका झाला. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते, जायकवाडीचा डावा कालवा या भागातून जातो आणि जिथे कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस, तर जिथे पोचत नाही तिथे कापूस, तूर, सोयाबीन आणि विहिरीला पाणी असेतो मोसंबी, असे पिकांचे सरळ चित्र आहे. तीर्थपुरीला साखर कारखाना आहे, शेजारच्या अंबड तालुक्यात अंकुशनगरला आहे. तरीही याच पट्ट्यातील कोरडवाहू गावांतून आणि तांड्यांतून दिवाळीच्या मागेपुढे कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा मध्यस्थ. त्याच्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. आणि नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरून ती उचल ठरते. मुले या हिशेबात कुठेच नसतात, पण फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात, ती असतातच. त्यांना गावात आजी-आजोबांकडे ठेवता यावे यासाठी हंगामी वसतिगृहांची शासकीय योजना आहे आणि तिचा उपयोग होतो, पण सगळीच मुले मागे राहत नाहीत. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली बहीण लागते, हे त्यामागचे सर्वांत साधे कारण आहे.

ही पार्श्वभूमी एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, उन्हाळी वाचनाची मूळ कल्पना वेगळ्या समाजाच्या दिनक्रमातून आलेली आहे. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत असे उपक्रम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आले आहेत आणि त्यामागचा तर्क असा की, शाळा वर्षभर शिकवते, सुट्टीत मूल विसरते, म्हणून सुट्टीत ग्रंथालयाने ती गळती थांबवावी. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तोवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उन्हाळी सुट्टीत सरासरी महिन्याभराच्या शिक्षणाइतकी घसरण होते आणि वाचनाच्या बाबतीत गरीब घरांतील मुलांचे नुकसान अधिक होते, असे त्यांना आढळले. घनसावंगीकडे हा तर्क उलटा करून घ्यावा लागतो. इथल्या स्थलांतरित मुलाची गळती नोव्हेंबर ते मार्चमध्ये होते, म्हणजे शाळा भरलेली असताना. आणि गाळप संपून टोळ्या परततात त्या गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया यांच्या आसपास, म्हणजे शाळेचे वर्ष मावळत असताना. ज्या मुलांना पुस्तकाची गरज सर्वांत जास्त ती मुले गावात असतात नेमकी उन्हाळ्यात, आणि तेव्हा गावात चालू असलेली, फी न मागणारी शिकण्याची जागा बहुतेक ग्रंथालय हीच असते. उन्हाळी वर्ग हा वाचणाऱ्या मुलांचा छंदवर्ग मानायचा की परतलेल्या मुलांसाठी उघडलेले दार मानायचे, या एका निर्णयावर पुढचे सगळे अवलंबून राहते, आणि प्रस्तुत अनुभवाचा कौल निःसंशय दुसऱ्या बाजूला आहे.

हा निर्णय एकदा घेतला की वेळापत्रक ग्रंथपालाच्या हातात राहत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत दहानंतर बसवत नाही आणि विजेचा भरवसा नसतो, म्हणून वर्ग सकाळी सातला भरवावा लागतो. पण सात ही वर्तमानपत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांचीही वेळ असते. ग्रामीण ग्रंथालयाचे खरे नियमित वाचक हेच, देणगीदार आणि कार्यकारी मंडळाचे सदस्यही त्यांच्यातलेच, आणि ग्रंथालयात शांतता असावी हा त्यांचा आग्रह मुळात चुकीचा नाही. यावर निघालेला तोडगा फारसा भव्य नव्हता : मुलांची सतरंजी मागच्या ओट्यावर, वर्तमानपत्रे पुढच्या खोलीत आणि मधले दार बंद. तक्रारी कमी झाल्या, संपल्या नाहीत. काही वाचकांनी उन्हाळ्याचे दोन महिने चहाच्या टपरीवर पेपर वाचणे पसंत केले आणि पावसाळा सुरू झाल्यावर ते परत आले. वर्गाची मुदतही शाळेच्या सुट्टीवरून ठरवता येत नाही, कारण मे महिन्यात लग्नसराई असते आणि मृग नक्षत्र लागले, म्हणजे ७ जूनच्या सुमाराला, की पेरणीच्या घाईत मुले घरच्या कामाला जुंपली जातात. शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात म्हणून तोवर वर्ग चालेल, हे कागदावरचे गणित; प्रत्यक्षात अक्षय्य तृतीया ते मृग एवढाच काळ मिळतो.

सभासदत्वाचे नियम हा यापेक्षा कठीण भाग आहे. सभासद होण्यासाठी अनामत, म्हणजे पुस्तकाच्या हमीपोटी ठेवायची परत मिळणारी रक्कम, आणि ओळखीच्या सभासदाची शिफारस लागते. हे नियम ग्रंथालयाच्या संरक्षणासाठी असतात आणि ते सर्वांत आधी अडवतात ते फडावरून आलेल्या मुलाला, ज्याच्या घरात उचल फिटलेली नसते आणि ज्याची शिफारस करणारा सभासद त्याच्या वस्तीत नसतो. शिवाय मे महिन्यात मामाच्या गावाला आलेली पाहुणी मुले असतात, ज्यांचा पत्ताच दुसऱ्या तालुक्यातला. वयाची अटही अशीच घातक ठरते. वर्ग आठ ते चौदा वयाच्या मुलांसाठी, असा फलक लावला की वाचायला येऊ शकणाऱ्या मुलींपैकी निम्म्या आपोआप गळतात, कारण त्यांच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे भावंड असते आणि ते खाली ठेवायची मुभा त्यांना नसते. ही अट काढून टाकल्यावर सतरंजीवर रांगणारी, रडणारी, पुस्तकाचा कोपरा चोखणारी बाळेही आली आणि मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला पोचली. एका वेळी एक पुस्तक, अनामत नाही, नाव आणि वस्ती एवढीच नोंद, असा या वर्गापुरता नियम मंडळाकडून मंजूर करून घेण्याला मात्र चर्चेच्या बऱ्याच बैठका लागल्या.

मंडळाची भीती निराधार नव्हती. ग्रंथालयात येणारे प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढते, म्हणजे त्याला एक कायमचा दाखल अंक मिळतो, आणि त्या अंकाचे पुस्तक तपासणीच्या दिवशी फळीवर किंवा देवघेव नोंदीत दिसावे लागते. ते कुठेच नसेल तर गहाळ, आणि गहाळ पुस्तकाचे उत्तर ग्रंथपालाने द्यायचे असते. जुनी वा फाटकी पुस्तके नोंदवहीतून रीतसर कमी करण्याला निर्लेखन म्हणतात आणि त्याची प्रक्रिया इतकी सावकाश आहे की, कुलूपबंद कपाट हा अनेक ग्रंथपालांना सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे तत्त्व शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत येते आणि ग्रंथपालाच्या प्रमाणपत्र परीक्षेला ते हमखास विचारले जाते. पण तपासणीच्या तक्त्यात वाचकांपेक्षा पुस्तकांची मोजणी अधिक काटेकोर असते, आणि ज्याची मोजणी होते त्याचीच काळजी घेतली जाते. उन्हाळ्यापुरता निघालेला मार्ग असा की, देणगीत आलेली आणि स्वस्तातली मुलांची पुस्तके दाखल नोंदवहीत न चढवता वेगळ्या वहीत ठेवायची आणि ती फाटण्यासाठीच आहेत असे गृहीत धरायचे. हा मार्ग नियमाच्या काठावरचा आहे हे मान्य करूनही तो सोडावासा वाटत नाही, कारण मुलांच्या हाती मोकळेपणाने पुस्तक जाऊ लागले ते या दुसऱ्या वहीमुळे.

वर्गाचे पहिले काम कोण किती वाचू शकतो हे पाहण्याचे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या 'असर' सर्वेक्षणात मुलाला अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांवर वाचायला लावतात आणि ते जिथे थांबते ती त्याची पातळी धरतात. हे साधन सोपे आहे, पाच मिनिटांत उरकते आणि एका कागदावर मावते. अडचण नंतर येते. बारा वर्षांचा, कोयता चालवू शकणारा, बैलगाडी हाकू शकणारा मुलगा शब्दाच्या पायरीवर थांबतो, आणि त्याला योग्य पुस्तक म्हणजे पानावर एक ओळ असलेले चित्रपुस्तक. ते सर्वांसमोर हातात घेण्यापेक्षा तो दुसऱ्या दिवशीपासून येणेच बंद करतो. पुस्तकांच्या पाठीवर पातळीनुसार लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या चिकटवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ती ग्रंथपालाला सोयीची आहे, पण लाल पट्टी म्हणजे 'ढ' हे मुलांनी दोन दिवसांत ओळखले होते.

यावरचा उपाय शास्त्रातून आला नाही, मुलांच्या वागण्यातून आला. असाच एक मोठा मुलगा स्वतःसाठी पुस्तक घेत नसे. मात्र धाकट्या बहिणीसाठी म्हणून चित्रांचे पुस्तक मागून नेई आणि दुसऱ्या दिवशी, तिला आवडले नाही, असे सांगून दुसरे नेई. तो ते घरी काय करतो हे विचारण्याची गरज नव्हती. त्यानंतर मोठ्या मुलांना धाकट्यांना वाचून दाखवण्याचे काम रीतसर देण्यात आले. वाचून दाखवायचे तर आधी स्वतः तयारी करावी लागते, आणि तयारीसाठी लाल पट्टीचे पुस्तक घरी नेण्यात कमीपणा उरत नाही. त्या मुलाला ओट्याच्या कोपऱ्यात तीन पोरांपुढे बसून, बोट ओळीखाली सरकवत, अडखळलेल्या जोडाक्षरावर चित्राकडे पाहून वेळ काढताना आणि मग तो शब्द मोठ्याने उच्चारताना ज्याने पाहिले असेल, त्याला पट्ट्यांचा रंग बदलण्यापेक्षा कामाची वाटणी बदलणे का उपयोगी पडते, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पट्ट्या पुढे काढून टाकण्यात आल्या.

परतलेल्या मुलांकडे वाचन कमी असले तरी सांगण्यासारखे इतरांपेक्षा जास्त असते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या नकाशामुळे उघड झाली. भिंतीवर टांगलेल्या नकाशावर आपण कुठे कुठे गेलो ते दाखवा, असे सांगितल्यावर गावात राहणाऱ्या, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांची बोटे जालना, छत्रपती संभाजीनगर आणि फार तर शिर्डीपर्यंत गेली. टोळीतील मुलांनी मात्र कराड, इस्लामपूर, सांगली, कोल्हापूर आणि त्याखाली कर्नाटकाची हद्द ओलांडून निपाणी, चिकोडी अशी नावे आठवून सांगितली, जरी ती नावे नकाशावर वाचून दाखवायला त्यांना दुसऱ्याची मदत लागली. या मुलांना त्यांच्याच तोंडची वाक्ये लिहून दिली आणि ती वाचायला लावली, तर ती भराभर वाचतात. न्यूझीलंडमधील शिक्षिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना त्यांच्या मनात घर करून असलेल्या शब्दांवरून वाचन शिकवले आणि १९६३ मध्ये 'टीचर' या पुस्तकात ते मांडले. तीच पद्धत इथे वापरता आली. कोपी म्हणजे फडाजवळची पाचटाची खोप, मोळी म्हणजे बांधलेला ऊस, वाढं म्हणजे चाऱ्यासाठी विकले जाणारे उसाचे शेंडे, टायर म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी, अशा शब्दांची आठ पानी पुस्तके मुलांनी सांगितली, ग्रंथपालाने लिहिली, मुलांनी चित्रे काढली आणि सुईदोऱ्याने शिवली. त्यातील एका पुस्तकात पहाटे तीनला निघालेल्या टायरवर झोपेत खाली पडू नये म्हणून आईने धाकट्याला ओढणीने मोळीला कसे बांधले होते, याचे चित्र होते; चित्रात चंद्र होता, बैल होते आणि गाठ मारलेली ओढणी लाल रंगात ठळक रंगवली होती. ही शिवलेली पुस्तके त्या उन्हाळ्यात छापील पुस्तकांपेक्षा जास्त हाताळली गेली.

याच तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, आणि त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर, म्हणजे अक्षर कसे काढावे आणि ग्रंथ कसा लिहावा यावर आहे. अक्षरे वाटोळी आणि एकसारखी असावीत, ओळींत आणि अक्षरांत अंतर राखावे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच हाताचे वळण दिसावे, अशा स्वरूपाचा तो उपदेश हस्तलिखितांच्या काळातील नकलकारांसाठी होता. जांबला वर्षातून एकदा मुलांची सहल नेली जाते, पण हा समास तिथे क्वचितच कोणी मुलांना सांगतो. पुस्तक हाताने तयार करणाऱ्या मुलांना तो फार लवकर कळतो, कारण ओळी एकमेकींवर चढल्या की वाचता येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या पानावर पाहिलेले असते.

भाषेचा प्रश्न मात्र इतका सहज सुटत नाही. तांड्यावरील बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात, काही मुलांची घरची भाषा दखनी वळणाची उर्दू असते आणि मराठी मुलांचीही मराठी पुस्तकातल्या मराठीहून बरीच दूर असते. प्रकट वाचनाच्या वेळी, म्हणजे ग्रंथपाल मोठ्याने वाचत असताना, ओट्याच्या कडेला बसलेली एखादी मुलगी भावाच्या कानात प्रत्येक वाक्य गोरमाटीत सांगत असते. तिला गप्प करायचे की वाचनाचा वेग तिच्या वेगाशी जुळवायचा, हा निवडीचा प्रश्न आहे, आणि वेग जुळवल्याने इतरांचे काही बिघडत नाही असे आढळले. त्याचबरोबर, मुलांना फक्त त्यांच्या परिसरातीलच गोष्टी द्याव्यात हे शिक्षणक्षेत्रात अलीकडे रुजलेले मत अनुभवाला पुरेसे उतरत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, पुण्यात सायकलवरून फिरतो, आणि पुणे न पाहिलेली इथली मुले त्याच्या मागोमाग धावतात. त्यांना परिसर ओळखीचा नसला तरी धाडस ओळखीचे असते. साने गुरुजींची 'श्यामची आई' मात्र ज्यांना मिळते त्यांतील बहुतेक मुले ती पुरी करत नाहीत आणि जी पुरी करतात ती बहुधा मुली असतात. पाठ्यपुस्तक मंडळाच्या, म्हणजे बालभारतीच्या, नोव्हेंबर १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे आणि आता बंद पडलेल्या 'चांदोबा'चे बांधलेले जुने अंक हे वर्गाचे खरे भांडवल, कारण त्यांत गोष्टी छोट्या असतात, चित्रे असतात आणि कुठूनही सुरुवात करता येते. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके लहानांना आणि लहानांच्या निमित्ताने मोठ्यांना चालतात. देणगीत आणि सरकारी खरेदीत सर्वाधिक येणारा प्रकार थोर पुरुषांच्या चरित्रांचा, आणि फळीवर सर्वाधिक काळ राहणारा प्रकारही तोच.

पालकांची मागणी या सगळ्याहून वेगळी असते. नवोदय प्रवेश परीक्षा आणि शालेय शिष्यवृत्ती यांची मार्गदर्शके आहेत का, एवढेच त्यांना विचारायचे असते, आणि ज्याच्या घरात शिक्षणातून कोणी अजून वर आलेले नाही त्याने असे विचारणे अगदी योग्य आहे. ती मार्गदर्शके गोष्टींच्याच कपाटात ठेवली जातात. वाचन स्पर्धांबद्दल मात्र अनुभव कडवट आहे. सुट्टीत जास्तीत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला प्रमाणपत्र, ही पद्धत सर्वत्र आहे, देणगीदारांना ती आवडते आणि समारंभाचा फोटो वर्तमानपत्रात येतो. पण स्पर्धा जाहीर झाल्यापासून मुले सर्वांत पातळ पुस्तके निवडतात, मलपृष्ठावरील चार ओळी सारांश म्हणून उतरवतात आणि आवडलेले पुस्तक पुन्हा वाचणे हा वेळेचा अपव्यय ठरतो. शिवाय बक्षीस ठरलेल्याच घरांत जाते. स्पर्धा बंद केल्यावर उपस्थिती थोडी घटली आणि फोटो आला नाही. त्याहून अधिक काही बिघडले नाही.

दुष्काळाच्या वर्षांनी आणखी एक धडा दिला. २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्यात पाणीटंचाई इतकी तीव्र होती की मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, २०१८-१९ मध्येही टँकरवर गावे जगली, आणि टँकर आला की ओट्यावरची मुले क्षणात नाहीशी होत. टँकरची वेळ नक्की नसते. घागरी आणि कळश्या रांगेत लावून माणसे सावलीला बसतात, रांग भांड्यांची असते, आणि तास-दीड तास कोणालाच काही काम नसते. पिशवीत पुस्तके भरून तिथेच जाण्याचा निर्णय त्यातून झाला. टँकर आल्यावर गोष्ट अर्ध्यावर सुटे आणि उरलेली गोष्ट ऐकायला मुले दुसऱ्या दिवशी रांगेत लवकर येत. पुढे पाऊस झाल्यावर हे वाचन बंद पडले, ग्रंथालयापर्यंत त्यांतील थोडीच मुले आली, आणि पुस्तकाने मुलांकडे जाणे आणि मुलांनी पुस्तकाकडे येणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तेव्हा स्पष्ट झाले.

पुस्तकाने मुलांकडे जाण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या ग्रंथालय चळवळीत लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये होती, आणि नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना अलीकडच्या काळात ग्रंथपेट्यांवरच चालत आली आहे. त्याच धर्तीवर तांड्यावर एक पत्र्याची पेटी ठेवली गेली. तिला कुलूप नव्हते आणि ती सांभाळणारा कोणी कारभारी नसल्याने ती मुलांच्याच ताब्यात राहिली. खरी कसोटी दिवाळीनंतर आली, जेव्हा टोळ्या निघाल्या आणि पेटीतील पुस्तके सोबत न्यायची का, असे मुलांनी विचारले. देवघेवीची मुदत पंधरा दिवसांची आणि हंगाम पाच महिन्यांचा. दुसऱ्या वहीतील पुस्तके असल्याने ती नेऊ देण्यात आली, प्रत्येकी एक आणि सोबत एक कोरी वही. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांतील निम्म्याच्या आसपास पुस्तके परत आली. काही रसाने चिकटलेली होती, एकाची मधली पाने चूल पेटवायला गेली होती, एक सांगलीकडच्या कोपीतील शेजारच्या मुलीला दिलेले होते आणि ती बीड जिल्ह्यातील असल्याने ते आता तिकडे आहे. तपासणीच्या भाषेत हा तोटा आहे. पण परतलेल्या मुलांपैकी जी पुस्तके घेऊन गेली होती ती त्या एप्रिलमध्ये आपल्या जुन्या पायरीखाली घसरलेली नव्हती, आणि एकदोघे एक पायरी वर होती. नमुना फार लहान आहे, तेव्हा यावरून सिद्धांत मांडता येणार नाही, तरी हंगामी देवघेवीची तरतूद ग्रंथालयाच्या नियमांत असायला हवी एवढे म्हणायला तो पुरेसा आहे. तोवर ही पुस्तके दुसऱ्या वहीतूनच जात राहतील.

पुणे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झालेली या भागातील मंडळी उन्हाळ्यात गावी येताना पुस्तके देऊ इच्छितात आणि सहसा जुनी मार्गदर्शके, वाळवी लागलेले कथासंग्रह आणि इंग्रजी कादंबऱ्या पोत्यात भरून आणतात. त्याऐवजी त्यांनी 'किशोर'ची एक वार्षिक वर्गणी ग्रंथालयाच्या नावे भरावी, एकाच चांगल्या चित्रपुस्तकाच्या दोन प्रती आणाव्यात, म्हणजे वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकेक मिळेल, आणि सकाळी सातला येऊन अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवावे. पुस्तके दाखल नोंदवहीत चढवायची नाहीत, असे देताना लेखी लिहून दिले तर ग्रंथपालाचे काम अधिक सोपे होईल.